जुन्या मिनीव्हॅनचा गिअरबॉक्स कुरकुरायला लागला तर: अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

दुसरं मूल झालं, किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे ठरले, की सेडान अपुरी पडते आणि घरात मिनीव्हॅनचा विषय निघतो. नवीन गाडीची किंमत ऐकून नजर आपोआप जुन्या होंडा ओडिसी, टोयोटा सिएना, डॉज ग्रँड कॅराव्हॅन किंवा क्रायस्लर टाउन अँड कंट्रीकडे वळते. या गाड्यांची इंजिनं दणकट असतात. घोळ घालतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे इथल्या भाषेत ट्रान्समिशन. गाडीचं वजन जवळपास दोन टन, वर सात माणसं आणि सामान, आणि हे सगळं ओढणारा गिअरबॉक्स मात्र इंजिनशेजारी आडवा, बेताच्या जागेत बसवलेला. त्यात गरम होतो आणि झिजतो.

मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "ट्रान्समिशन गेलं, चार हजार डॉलर." कधी ते खरंच असतं. पण कधी दोष वीस-चाळीस डॉलरच्या सेन्सरचा, कमी झालेल्या ऑइलचा किंवा तुटलेल्या प्लास्टिकच्या बुशचा असतो. म्हणून होकार देण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो, आणि पहिल्या तीन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च नाही.

आत काय चाललेलं असतं

भारतात एएमटी गाडी चालवली असेल तर ती सवय बाजूला ठेवा. तिथे साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर करतो. मिनीव्हॅनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे पाठवतो. गिअर बदलायचा म्हणजे आतल्या क्लचच्या चकत्यांचा एक संच सोडायचा आणि दुसरा दाबायचा. हा दाबही ऑइलचाच. कुठल्या वाटेने ऑइल सोडायचं ते सोलेनॉइड नावाचे छोटे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह ठरवतात आणि त्यांना हुकूम कॉम्प्युटर देतो.

म्हणजे ताकद नेणं, चकत्या दाबणं, वंगण आणि थंडावा, सगळी कामं एकाच ऑइलची. ते कमी झालं, करपलं किंवा चुकीच्या जातीचं पडलं, तर लक्षणं गिअरबॉक्स मोडल्यासारखीच दिसतात.

पहिलं काम: लक्षण नेमकं लिहून काढा

"गाडी झटके मारते" एवढं सांगून मेकॅनिकला काही कळत नाही. गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? कितव्या गिअरला? किती वेगाला? रेस दिल्यावर की पाय सैल सोडल्यावर? चार दिवस नोंद ठेवा, शेजारी बसलेल्याला फोनमध्ये टिपून घ्यायला सांगा.

सकाळी गाडी सुरू करून डी (पुढे जायला) किंवा आरमध्ये (मागे जायला) टाकली आणि दोन-तीन सेकंदांनी धाडकन गिअर पडला, तर आधी ऑइलची पातळी बघा. ती ठीक असेल तर आतली रबरी सीलं कडक झाली असण्याची शक्यता. आरपीएम वाढतो, इंजिन ओरडतं, पण गाडी उचल घेत नाही, हे गिअर घसरणं. ते फक्त गाडी तापल्यावर होत असेल तर लक्षण चांगलं नाही, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या भागांतून दाब निसटतो. गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली, हायवेवर ४० मैलांच्या वर जाताना इंजिन बोंबलायला लागलं, पण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थोडा वेळ ठीक चालली, तर घाबरू नका. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं म्हणून त्याने गाडी जपायच्या अवस्थेत टाकली आहे. क्रायस्लर-डॉजच्या चार गिअरवाल्या गाड्या अशा वेळी दुसऱ्या गिअरमध्येच राहतात. यात दोष बरेचदा विजेच्या बाजूचा निघतो आणि तो स्वस्तात सुटतो.

आणखी एक लक्षण नवीन माणसाला हमखास चकवतं. ४०-५० मैलांच्या वेगाला, हलक्या पायाने जात असताना, रस्त्याकडेच्या खाचांवरून चाक गेल्यासारखी थरथर येते. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, वेग न बदलता ब्रेकच्या पेडलला फक्त मागचे दिवे लागतील इतका हलका स्पर्श करा. सारख्या वेगाला जाताना इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा एक लॉक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो, आणि ब्रेकचा इशारा मिळताच कॉम्प्युटर तो सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर किंवा जुन्या ऑइलवर. तशीच राहिली तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजिनचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. इंजिनाच्या मिसफायरला गिअरबॉक्सचा दोष समजून हजारो डॉलर खर्च करणारे लोक आहेत.

दुसरं: ऑइल बघा, पण आपल्या गाडीच्या पद्धतीने

इथे गल्लत फार होते, कारण प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. १९९९ ते २००४ च्या ओडिसीत गाडी सपाट जागी उभी करून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत तापवून, इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. क्रायस्लर-डॉजच्या जुन्या चार गिअरवाल्या गाड्यांत उलट: गाडी तापलेली, हँडब्रेक ओढलेला, पीमध्ये (म्हणजे पार्कमध्ये), आणि इंजिन चालू. होंडाची रीत डॉजला लावली तर पातळी जास्त दिसेल आणि तुम्ही खुशाल कमी ऑइलवर गाडी चालवत राहाल. २०११ पासूनच्या सिएनाला तर ही डिपस्टिकच नाही. तिथे गाडी उचलून, ऑइलचं तापमान मोजून, खालच्या बोल्टमधून पातळी बघतात. ते काम घरी करू नका.

डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसा. लालसर, गुलाबी ऑइल चांगलं. तपकिरी म्हणजे वय झालं. काळं आणि करपल्याचा वास म्हणजे चकत्या जळत आहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते आणि ती आत फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. असं पाणी गेलं की चकत्यांवरचं अस्तर सुटायला लागतं आणि गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जातो. वेळेत कळलं तर रेडिएटर बदलून आणि आतून नीट धुऊन निभावू शकतं.

पातळी कमी असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय, कारण इंजिन ऑइलसारखं हे जळून कमी होत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा, सकाळी डाग बघा. भरताना थोडं थोडं भरा. जास्त झालं तर फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

जात मात्र काटेकोर पाळा. क्रायस्लर-डॉजमध्ये एटीएफ प्लस फोर, दुसरं काही नाही. यांच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन जातीचं ऑइल घातलं की थरथर आणि घसरणं सुरू होतं. जुन्या ओडिसीत पूर्वी झेड-वन असायचं, आता त्याच्या जागी होंडाचं डीडब्ल्यू-वन मिळतं. नव्या सिएनात टोयोटाचं डब्ल्यूएस. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेली बाटली स्वस्त असते, पण अशा नाजूक, जुन्या गिअरबॉक्सवर मी ती कधीच वापरणार नाही.

तिसरं: कोड वाचा

१९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशखाली ओबीडी-टूचा सॉकेट असतो. कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड तिथून वाचता येतात. वीस-तीस डॉलरचा स्कॅनर घ्या किंवा पार्ट्सच्या दुकानात जा, अनेक ठिकाणी फुकट वाचून देतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असताना कोड पुसू नका. आधी फोटो काढा.

पी-०७०० दिसला तर तो खरा कोड नव्हे. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे आणखी काही नोंदलेलं आहे, एवढाच तो निरोप. साध्या स्कॅनरला पुढचं दिसत नसेल तर चांगला स्कॅनर असलेल्याकडे जा. पी-०७१५ आणि पी-०७२० हे आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरांचे. पी-०७३० म्हणजे अपेक्षित गिअर आणि प्रत्यक्ष वेग यांचा मेळ बसत नाही. पी-०७४० आणि पी-०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकचे. कोड दिशा दाखवतो, निदान करत नाही. पी-०७४१ आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदला असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, सोलेनॉइड आणि वायरिंग तपासलंत का?

२००० नंतरच्या बऱ्याच क्रायस्लर-डॉज व्हॅनमध्ये स्कॅनरशिवायही काम होतं. इंजिन सुरू न करता किल्ली पटापट ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन अशी फिरवली की मैल दाखवणाऱ्या आकड्यांच्या जागी कोड येतात.

चौथं: बाहेरून बदलता येणाऱ्या स्वस्त गोष्टी

पीमधून दांडा हलतच नसेल तर मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा. ब्रेक पेडलजवळचा स्विच गेला की दिवेही लागत नाहीत आणि दांडाही सुटत नाही. दांड्याजवळ बहुतेक गाड्यांत एक छोटी खाच असते. तिच्यात किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून ब्रेक धरला की वेळ निभावते, मात्र ब्रेक लाइट नसताना रस्त्यावर जाऊ नका.

दांडा हलतो, पण गाडीला पत्ताच नाही? दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जाते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा बुश असतो. तो म्हातारा होऊन तुटतो. काही डॉलरचं काम. गाडी कुठल्याच गिअरमध्ये हलत नाही आणि खालून गरगर किंवा कटकट येते, तर ॲक्सल निसटला किंवा तुटला नाही ना, ते आधी बघा. पुढच्या दोन चाकांपैकी एका बाजूचा ॲक्सल मोकळा झाला की सगळी ताकद तिकडेच वाया जाते आणि धडधाकट गिअरबॉक्स मेलेला वाटतो.

गिअर पडताना धक्का बसत असेल तर बोनेट उघडून इंजिनचे माउंट तपासा. एकाने ब्रेक घट्ट दाबून डीमधून आरमध्ये न्यायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उडतं ते बघायचं. गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, हे सांगायलाच हवं. बॅटरी आणि तिची अर्थची वायरही बघून घ्या, कारण व्होल्टेज पडलं की हे कॉम्प्युटर चक्रम वागतात.

क्रायस्लरचा चार गिअरवाला इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स १९८९ साली आला आणि सुरुवातीच्या वर्षांत बदनाम झाला. त्याची एक बाजू मात्र मला आवडते. वेगाचे दोन्ही सेन्सर आणि सोलेनॉइडचा संच केसिंगवर बाहेरून बसवलेले असतात, त्यामुळे गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकत असेल आणि कोड सेन्सरचा असेल, तर आधी हेच.

ओडिसीवाल्यांनी हे वेगळं वाचावं

१९९९ ते २००४ ची ओडिसी गाडी म्हणून गोड, गिअरबॉक्स म्हणून डोकेदुखी. १९९९ ते २००१ पर्यंत चार गिअर होते आणि त्या गाड्यांची ट्रान्समिशनची वॉरंटी कंपनीने ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. २००२ पासून पाच गिअर आले. एप्रिल २००४ मध्ये होंडाने ओडिसी, पायलट, अकॉर्ड व्ही-सिक्स आणि होंडाच्याच ॲक्युरा या ब्रँडच्या काही गाड्या मिळून सुमारे ११ लाख वाहनं परत बोलावली. दुसऱ्या गिअरपर्यंत पुरेसं वंगण पोचत नव्हतं. तो तापून त्याचे दात तुटू शकत होते आणि चालत्या गाडीत गिअरबॉक्स जाम होण्याचा धोका होता. १५ हजार मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाड्यांना ऑइलची वाट बदलणारा जेट बसवला. जास्त चाललेल्यांचा गिअर तापून काळवंडलाय का ते पाहिलं आणि काळवंडला असेल तर गिअरबॉक्सच बदलला.

तुमच्या गाडीवर हे काम झालं का? विंडशील्डच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, डीलरला फोनवर सांगा. वाहतूक सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर व्हीआयएन टाकून रिकॉल बघता येतात, पण १५ वर्षांपेक्षा जुने रिकॉल तिथे सहसा दिसत नाहीत. "काही नाही" असं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

डॅशवर डी-फोर किंवा डी लुकलुकत असेल, कोड पी-०७३० किंवा पी-०७४० च्या घरातला असेल आणि ऑइल चांगलं असेल, तर थर्ड क्लचचा प्रेशर स्विच आधी बदलून बघा. तोही बाहेरूनच बसतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण एवढ्या स्वस्तात बघण्यासारखं दुसरं काही नाही.

या गाड्यांचं ऑइल घरी बदलणं सोपं आहे. ड्रेनच्या बोल्टला चौकोनी खाच असते, तिच्यात ३/८ इंचाचा रॅचेट थेट बसतो. एका वेळी साधारण ३ क्वार्ट, म्हणजे जवळपास पावणेतीन-तीन लिटर बाहेर येतं. बाकीचं आतच राहतं. म्हणून काढा, भरा, सगळे गिअर पडतील अशी फेरी मारून या, पुन्हा काढा, असं तीनदा केलं की तीन चतुर्थांशाहून जास्त ऑइल नवीन होतं. बोल्टचं वॉशर दर वेळी नवं घाला. बोल्टवर चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज. कण किंवा चमकणारे तुकडे दिसले तर पुढचे पैसे जपून ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नका.

मशीन लावून दाबाने फ्लश करायचा आग्रह कुठल्याही दुकानात झाला तरी जुन्या गाडीला तो नको म्हणा. "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असेल. बहुतेकदा तो आधीच घसरत असतो, शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात आणि मग आळ ऑइलवर येतो. चांगल्या चालणाऱ्या गाडीचं ऑइल जरूर बदला. घसरणाऱ्या गाडीला त्याने फारसं काही होत नाही.

गॅरेजात गेल्यावर

इंजिनाचा मेकॅनिक आणि ट्रान्समिशनचा मेकॅनिक इथे वेगवेगळे. दुसऱ्या प्रकारच्या दुकानात जा, नोंदवही आणि कोडचे फोटो दाखवा. लेखी एस्टिमेट मागा. कॅलिफोर्नियात तर ते देणं आणि काम सुरू करण्याआधी तुमची संमती घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. "उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही" हे कधी कधी खरं असतं, पण उघडून पुन्हा जोडायचे किती, ते आधी ठरवा. नाही तर गाडी सुट्या भागांत पडून असते आणि घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

गिअरबॉक्स बदलायचाच झाला तर तीन वाटा: तोच उघडून दुरुस्त करणं, कारखान्यात नव्याने बांधलेला आणणं, किंवा भंगारातल्या गाडीचा घेणं. पहिल्या दोन्हींना मजुरीसकट साधारण तीन ते पाच हजार डॉलर धरा. भंगारातला स्वस्त पडतो. क्रायस्लरचा जुना गिअरबॉक्स उघडता येणारे कारागीर गावोगाव आहेत, तिथे दुरुस्ती चालेल. जुन्या ओडिसीसाठी भंगारातला घेणं मला पटत नाही, कारण त्यातही तीच कमजोरी असते आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. वॉरंटी किती महिने, किती मैल, आणि मजुरी धरून की नुसत्या भागांची, हे कागदावर घ्या. ऑइल थंड करणारा वेगळा छोटा कूलर त्याच वेळी बसवून घ्या. ओझं वाहणाऱ्या व्हॅनला त्याचा खरा उपयोग होतो.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून. पुढची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढत नेली तर इंजिन बंद असल्याने आत वंगण फिरत नाही.

अजून घ्यायची असेल तर

विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्कॅनर सोबत न्या आणि कोडच्या आधी त्यातली मॉनिटरची (म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्यांची) तयारी बघा. तीन-चार मॉनिटर अपूर्ण दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. किमान अर्धा तास चालवा, हायवे आणि चढ दोन्हीवर. मग थांबवून, तापलेल्या गाडीत आर आणि डी टाकून बघा. डीलरकडची गाडी असेल तर खिडकीवर बायर्स गाइडचा कागद असतो. त्यावर "ॲज इज" असेल तर बाहेर पडताक्षणी सगळा खर्च तुमचा.

चालवताना मॅन्युअल गाडीच्या सवयी मोडाव्या लागतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीमधून आरमध्ये जाऊ नका. चढावर थांबलात तर ब्रेक धरा, रेसवर गाडी तोलून धरू नका, त्यात ऑइल भराभर तापतं. उतारावर लावताना आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग पाय सैल करून वजन हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी पी.

हिशेब जमत नसेल तर

गाडीची चालू स्थितीतली किंमत अडीच हजार आणि दुरुस्ती चार हजार, तर भावनेत अडकू नका. गंज, टायमिंग बेल्ट, टायर यांचा खर्च त्यात मिळवा आणि मगच ठरवा. न चालणारी मिनीव्हॅनही विकली जाते. भंगारवाले येऊन घेऊन जातात, आणि गिअरबॉक्स स्वतः उतरवणारा हौशी मेकॅनिक त्याहून बरे पैसे देतो. विकताना टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नीट सही करून द्या आणि त्याचा फोटो ठेवा. न्यू जर्सीत नंबर प्लेट काढून आपल्याकडे ठेवायची आणि मोटार व्हेइकल कमिशनला परत करायची असते. कॅलिफोर्नियात ती सहसा गाडीबरोबर जाते, पण गाडी दुसऱ्याला दिल्याची नोटीस पाच दिवसांत डीएमव्हीकडे (तिथल्या वाहन नोंदणी खात्याकडे) भरावी लागते. टोलचा टॅग काचेवरून काढून घ्या, आणि विम्याची पॉलिसी गाडी हाताबाहेर गेल्यावरच बंद करा.